फाटकाशी बसलेली नायिका

जुलै १९३९. पुण्यातील प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी त्या दिवसांत एक विलक्षण दृश्य दिसत होते. जिच्या चित्रपटांसाठी गावोगावी तिकीटखिडक्यांपुढे झुंबड उडत असे, ती नायिका चित्रीकरणाच्या दालनात नव्हती. ती फाटकाशी उपोषणाला बसली होती. तिचे नाव शांता आपटे. तिचा वाद होता तो कराराचा आणि पैशांचा, आणि ज्या संस्थेशी तो होता ती साऱ्या महाराष्ट्राच्या अभिमानाची जागा होती. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोट येथे महात्मा गांधींनी केलेल्या उपोषणाने देश ढवळून निघाला होता. राजकारणातले ते शस्त्र एका नटीने आपल्या मालकांविरुद्ध उचलावे, हे अनेकांना रुचले नाही. काहींना तर ते हास्यास्पदही वाटले. शांताबाईंना तसे वाटत नव्हते, एवढे मात्र त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून निश्चित म्हणता येते.

शांताबाई मूळच्या सोलापूर जिल्ह्यातील दुधनीच्या. गाण्याची देणगी लहानपणीच दिसून आली आणि पंढरपूरच्या संगीत विद्यालयात तिला वळण मिळाले. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये (१९३२) त्या राधा झाल्या. शाहू मोडक यांचा कृष्ण आणि शांताबाईंची राधा या जोडीने मुंबईत रौप्यमहोत्सव साजरा केला. पांढरपेशा घरातील मुलीने पडद्यावर येणे हा तेव्हा कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्न मानला जाई. दुर्गा खोटे यांनी ती चौकट नुकतीच ओलांडली होती. शांताबाईंच्या पाठीशी त्यांचे बंधू बाबूराव उभे राहिले आणि बहिणीच्या व्यवसायावर त्यांची करडी नजर असे.

पुढे त्या ‘प्रभात’मध्ये आल्या. कंपनी कोल्हापूरहून पुण्याला हलल्यानंतरच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) त्या चमकल्या, ‘अमरज्योती’मध्ये (१९३६) त्यांच्या गाण्यांनी बहार आणली. त्या काळी पडद्यावर गाणे म्हणजे बहुधा एका जागी उभे राहून, मान किंचित वळवून सूर लावणे. शांताबाईंचे हात, डोळे, भुवया गाण्याबरोबर बोलत. गाणे हे अभिनयाच्या मध्ये येणारा खंड नसून अभिनयच आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पण त्यांचे नाव अजरामर झाले ते ‘कुंकू’मुळे (१९३७). ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी मराठीत आणि ‘दुनिया न माने’ या नावाने हिंदीत केला. मामाने फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या विवाहाला विवाह मानण्यासच नकार देते. ती घर सोडून पळत नाही, विहीरही जवळ करीत नाही. त्याच घरात राहून, रोज, ताठ मानेने नकार देत राहते. केशवराव दाते यांचे काकासाहेब, काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आणि नीरेच्या भूमिकेत शांताबाई! पार्श्वसंगीत टाळून केवळ भोवतालच्या आवाजांवर उभा केलेला हा चित्रपट आजही अंगावर येतो. त्यात शांताबाईंनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची जगण्याच्या रणांगणाविषयीची प्रसिद्ध इंग्रजी कविता गायिली आहे. १९३७ सालच्या मराठी चित्रपटात नायिका इंग्रजी कविता गाते आणि ती ओढूनताणून आणलेली वाटत नाही, याचे श्रेय संगीतकार केशवराव भोळे यांच्याइतकेच गायिकेलाही द्यावे लागेल.

वाह्यात सावत्र मुलाला नीरा छडीने फोडून काढते, तो प्रसंग प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. ‘फिल्म इंडिया’चे संपादक बाबूराव पटेल यांनी आपल्याविषयी असभ्य मजकूर छापला म्हणून शांताबाईंनी त्यांच्या कचेरीत जाऊन त्यांनाही छडीचा प्रसाद दिला, असा किस्सा चित्रपटसृष्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. सांगणारा प्रत्येक जण त्यात पदरचे थोडे घालतो. असला किस्सा त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या नायिकेला सहजी चिकटला नसता, हे मात्र खरे.

या पार्श्वभूमीवर फाटकापाशचे उपोषण पाहिले पाहिजे. ‘प्रभात’च्या शिस्तीचे गोडवे आपल्याकडे पुष्कळ गायिले गेले आहेत आणि ते रास्तच आहेत. दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसे स्वतः राबणारी होती. पण कंपनीला कुटुंब म्हटले की एक अडचण होते. कुटुंबात पगाराची भाषा बोलणारा कृतघ्न ठरतो. कलावंत मासिक पगारावर बांधलेला, बाहेर काम करण्यास मोकळीक नाही आणि भांडण झाले तर दाद मागायला संघटना नाही. पश्चिम भारतातील चित्रपट कामगारांचा महासंघ स्थापन झाला तो १९५६ साली. शांताबाईंना उपलब्ध होते ते एक फाटक आणि स्वतःचे शरीर.

हा झगडा एकट्या पुण्यातला नव्हता. १९३६ साली बेटी डेव्हिस ही अभिनेत्री हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्सच्या करारातून सुटण्यासाठी लंडनच्या न्यायालयात लढली आणि हरली. ऑलिव्हिया डी हॅविलँड त्याच कंपनीविरुद्ध १९४४ साली कॅलिफोर्नियात जिंकली आणि कलावंताला सात वर्षांपलीकडे बांधून ठेवता येणार नाही, हे ठरून गेले. त्या दोघींच्या मागे वकील होते. शांताबाईंच्या उपोषणातून कायदा निघाला नाही. त्या ‘प्रभात’मधून बाहेर पडल्या, इतकेच.

मात्र १९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. शीर्षकातले प्रश्नचिन्ह महत्त्वाचे आहे. लोकप्रिय नटीच्या पुस्तकात रंगपटातल्या गमतीजमती सापडतील या अपेक्षेने ते उघडणारा वाचक चकित होतो. चित्रपटाच्या मोहात पडलेल्या तरुणींशी बोलता बोलता शांताबाई भांडवल, निर्माता, वितरक आणि कलावंत यांच्यातला व्यवहार उलगडतात. यंत्राच्या वेगाला जुंपलेल्या माणसाचा थकवा सांगतात. स्वतःच्या भांडणाचा हिशेब चुकता करण्यासाठी हे पुस्तक वापरता आले असते. त्यांनी ते पुढे येणाऱ्या मुलींसाठी वापरले. मला स्वतःला त्यांच्या उपोषणापेक्षा हे अधिक धाडसाचे वाटते, कारण उपोषणाला संताप पुरतो, असल्या लेखनाला विचार लागतो. मराठी आत्मपर लेखनाच्या चर्चेत या पुस्तकाला जे स्थान मिळायला हवे होते, ते मिळाले नाही.

पुण्याबाहेर पडल्यावर त्या कामावाचून बसल्या नाहीत. मद्रासकडच्या ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ चित्रपटासाठी त्यांनी चक्क तमिळ शिकून घेतले आणि आपली गाणी स्वतः गायिली. त्या चित्रपटात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी! लाहोरच्या पांचोली यांचा ‘जमीनदार’ (१९४२) त्यांनी केला. मास्टर विनायक यांच्या ‘सुभद्रा’मध्ये (१९४६) त्यांच्यासोबत एक कोवळा आवाज गायिला. तो लता मंगेशकर यांचा होता. पुढच्या तीन-चार वर्षांत तोच आवाज घराघरांत पोहोचला, पार्श्वगायनाचे युग स्थिरावले आणि स्वतः गाणाऱ्या नायिकांची गरज ओसरली. काळाशी भांडण्यात शांताबाईंनी आपली शक्ती वेचली नाही. ‘शिलंगणाचे सोने’, ‘जागा भाड्याने देणे आहे’ (दोन्ही १९४९), ‘ताई तेलीण’ (१९५३) असे मराठी चित्रपट त्या करीत राहिल्या. पन्नाशीचे दशक सरता सरता वाट्याला आले ते बहुतांशी पौराणिक चित्रपट. तेही त्यांनी केले.

तोवर चित्रपटधंदा मुंबईच्या उपनगरांत पुरता रुजला होता. मालाडला बॉम्बे टॉकीज, गोरेगावला फिल्मिस्तान, अंधेरीत प्रकाश आणि मोहन स्टुडिओ. याच अंधेरीत शांताबाईंचे अखेरचे वास्तव्य होते. सुमारे सहा महिन्यांच्या आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी तिथल्याच राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ‘प्रभात’ त्याआधीच बंद पडली होती आणि तिच्या पुण्यातील वास्तूत सरकारी चित्रपट संस्था सुरू होऊन मोजकीच वर्षे झाली होती. १९३९ साली शांताबाई जिथे बसल्या होत्या, त्या आवारात आता नवे विद्यार्थी अभिनय आणि दिग्दर्शनाचे पाठ गिरवतात.