घंटा वाजवणारे मास्तर – वॉरन जॉन्सन

वॉरन जॉन्सन यांचा जन्म १८४७ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. मोठेपणी त्यांनी छापखान्यात काम केले, जमीनमोजणी केली आणि मग ते मास्तर झाले. विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे शिक्षक तयार करण्याची शाळा होती. तिथे ते शिकवत. त्या भागात हिवाळ्यात बर्फ पडते, तळी गोठतात.

शाळेच्या तळघरात मोठी भट्टी होती. तिची ऊब वर्गांत जाई. पण कुठला वर्ग गार आहे नि कुठला फार तापला, हे खाली कसं कळणार? म्हणून शिपाईमामा वर्गावर्गात येऊन थर्मामीटर बघायचे आणि मग खाली जाऊन भट्टी कमीजास्त करायचे. शिकवणं चालू असताना मध्येच दार उघडायचं. सगळ्यांचं लक्ष तिकडे!

मास्तरांनी यावर युक्ती काढली. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना लोहार ती आधी तापवतो, कारण तापल्यावर लोखंड वाढतं. पण सगळे धातू सारखे वाढत नाहीत. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या, तर तापल्यावर एक जास्त वाढते नि जोडपट्टी वाकते. हे लोकांना आधीच माहीत होतं. मास्तरांनी अशी पट्टी वर्गात लावून तिला विजेची तार जोडली. वर्ग गार झाला की पट्टी हलायची नि तळघरात घंटा वाजायची. शिपाईमामांना वर यायलाच नको! मला ही घंटा फार आवडली. १८८३ साली या यंत्राचे त्यांना पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे ही युक्ती यांचीच, असा सरकारी कागद.

१८८५ साली त्यांनी मिलवॉकी शहरात कंपनी काढली. पुढे घंटेचीही गरज उरली नाही. दाबलेल्या हवेने झडप आपोआप उघडू-मिटू लागली.

अशा यंत्राला थर्मोस्टॅट म्हणतात. थंड देशांत तो घरात भिंतीवर असतो. त्यावर हवा तो आकडा लावायचा. खोली तेवढी तापली की बॉयलर बंद, गार झाली की चालू. बॉयलर म्हणजे आपल्या पाण्याच्या बंबाचा मोठा भाऊच. काही जण लवकर ऊब यावी म्हणून आकडा खूप वाढवतात. पण खोली लवकर तापत नाही, बॉयलर नुसता जास्त वेळ चालतो आणि जळण वाया जातं. आपल्या विजेच्या इस्त्रीतही थर्मोस्टॅट असतो, म्हणून तर तिचा दिवा मध्येच विझतो.

जॉन्सन यांनी मनोऱ्यावरची घड्याळे आणि वाफेवर चालणाऱ्या मोटारीही बनवल्या. त्यांच्या नावावर ५० हून जास्त पेटंटे होती. १९११ साली ते वारले. मग कंपनीने बाकीचे उद्योग सोडले नि ऊब राखायचे काम तेवढे ठेवले.