एका पेशीतून उभी राहिलेली बिअर

घरच्या घरी बिअर करणारा हौशी माणूस आज यीस्टची फारशी चिंता करीत नाही. साडेअकरा ग्रॅमचे पाकीट फोडायचे, थंड केलेल्या अर्कावर टाकायचे आणि भांडे झाकून ठेवायचे, एवढेच त्याचे काम. त्या पाकिटात एकाच वाणाच्या अब्जावधी पेशी आहेत, हे तो गृहीत धरतो. १८८३ पूर्वी मात्र जगातील मोठ्यातल्या मोठ्या बिअर कारखान्यालाही अशी खात्री नव्हती. ती ज्यांच्यामुळे मिळाली ते डॅनिश शास्त्रज्ञ एमिल क्रिश्चन हॅन्सन मुळात घरे रंगविणारे कारागीर होते.

हॅन्सन यांचा जन्म ८ मे १८४२ रोजी डेन्मार्कच्या रिबे या प्राचीन गावी झाला. वडील फ्रान्सच्या परदेशी पलटणीत शिपाईगिरी करून परतलेले रंगारी, तर आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावणारी. घरात शिक्षणाची परंपरा नव्हती आणि पैसा तर नव्हताच. एमिलच्या हातीही वडिलांचाच कुंचला आला. चित्रकार होण्याची त्यांची इच्छा होती, पण ते दार उघडले नाही. मग खासगी शिकवण्या करीत त्यांनी स्वतःचा अभ्यास सुरू ठेवला आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली तेव्हा वयाची तिशी जवळ आली होती. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी लेखणी चालविली. चार्ल्स डार्विन यांच्या बीगल जहाजावरील सफरीच्या वृत्तान्ताचा डॅनिश अनुवाद त्यांनी आल्फ्रेड यर्गेनसेन यांच्यासह केला. १८७६ मध्ये शेणावर उगवणाऱ्या बुरशींवरील त्यांच्या निबंधाला विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. शेणातील बुरशी ते बिअर हा प्रवास वाचकाला विचित्र वाटेल. पण सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या जाती ओळखण्याची जी नजर तेथे तयार झाली, तीच पुढे उपयोगी पडली.

त्या काळी बिअरचे यीस्ट आपल्याकडच्या विरजणासारखेच चालत असे. आदल्या घाण्याच्या तळाशी बसलेला गाळ काढून पुढच्या घाण्यात घालायचा. तो बिघडला तर शेजारच्या कारखान्यातून मागून आणायचा. कोपनहेगनजवळच्या कार्ल्सबर्ग कारखान्याचे संस्थापक जे. सी. याकोबसेन यांनी आपले मूळ यीस्ट १८४५ मध्ये म्युनिकहून आणले होते. घोडागाडीच्या त्या लांबच्या प्रवासात प्रत्येक मुक्कामी डब्यावर थंड पाणी ओतून त्यांनी ते जिवंत ठेवले, अशी हकिकत सांगितली जाते. विरजण आंबट निघाले तर एक पातेले दही वाया जाते. कारखान्याचे यीस्ट बिघडले तर तळघरातील शेकडो पिंपे ओतून द्यावी लागत.

याकोबसेन यांनी १८७५ मध्ये कारखान्याला जोडून प्रयोगशाळा काढली. तेथे लागलेले शोध गुप्त न ठेवता जगापुढे मांडावेत, असा नियमही त्यांनी घालून दिला. एका कारखानदाराने असे करावे, हे तेव्हाच काय, आजही दुर्मीळ म्हणावे लागेल. याच प्रयोगशाळेत केल्डाल यांनी १८८३ मध्ये नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. धान्यातील प्रथिने मोजण्यासाठी ती अद्याप वापरली जाते. हॅन्सन १८७९ मध्ये तेथील शरीरक्रिया विभागाचे प्रमुख झाले. बिअर आणि तिच्या अर्कात आढळणारे सूक्ष्मजीव हाच त्यांच्या डॉक्टरेटचाही विषय होता.

आरंभीच्या वर्षांत त्यांनी एका साध्या प्रश्नाचा पाठलाग केला. रानटी यीस्ट हिवाळ्यात कोठे जाते? टोकदार पेशींच्या एका जातीवर नजर ठेवून त्यांनी दाखवून दिले, की उन्हाळ्यात ती पिकलेल्या रसाळ फळांवर वाढते, पावसाने व गळलेल्या फळांबरोबर मातीत जाते, थंडी तेथेच काढते आणि पुढच्या मोसमात वाऱ्याबरोबर उडणाऱ्या धुळीतून पुन्हा फळांवर पोहोचते. याचा कारखान्याशी संबंध उघड होता. उकळलेला अर्क उथळ, उघड्या भांड्यांत गार होत असे आणि बागांवरून येणारी तीच धूळ त्यात पडत असे.

१८८३ मध्ये कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली. चव कडवट, वास नकोसा. कारखान्याची प्रतिष्ठा पणाला लागली होती. लुई पाश्चर यांनी १८७६ च्या आपल्या ग्रंथात बिअरच्या आजारांचे मूळ प्रामुख्याने जिवाणूंत आहे असे प्रतिपादन केले होते आणि यीस्ट शुद्ध करण्यासाठी टार्टारिक आम्लाचा उपाय सुचविला होता. याकोबसेन पाश्चर यांचे निस्सीम भक्त होते. हॅन्सन यांचे निदान मात्र वेगळे पडले. शत्रू बाहेरचा जिवाणू नसून यीस्टमध्येच मिसळलेले रानटी यीस्ट आहे, असे ते म्हणू लागले. इतकेच नव्हे, तर आम्लाच्या उपायाने चांगले यीस्ट मागे पडते आणि रानटी यीस्टच फोफावते, हेही त्यांनी दाखविले. रंगाऱ्याच्या मुलाने पाश्चर यांना खोडून काढावे आणि तेही मालकाच्या डोळ्यांदेखत, हे धाडसच होते.

निदान सिद्ध करण्यासाठी एकाच पेशीपासून वाढविलेले यीस्ट हवे होते. हॅन्सन यांची युक्ती सोपी होती, पण तिला संयम लागे. यीस्ट निर्जंतुक पाण्यात मिसळायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या आणि दोन चंबूंमागे सरासरी एकच पेशी जाईल इतके ते विरळ करायचे. मग निर्जंतुक अर्काचे चंबू जोरात हलवून स्थिर ठेवायचे. काही दिवसांनी ज्या चंबूच्या तळाशी एकच पांढरा ठिपका दिसेल, त्यातील सारी संतती एका पेशीची मानायची. पुढे कॉख यांच्या जिलेटिनच्या तंत्राचा आधार घेऊन काचेवर अडकलेली एकच पेशी वाढताना प्रत्यक्ष पाहण्याची सोयही त्यांनी केली.

कार्ल्सबर्गच्या यीस्टमध्ये त्यांना एकूण चार प्रकार सापडले. उत्तम बिअर देणारा त्यातला एकच. याकोबसेन यांनी सुरुवातीला विरोध केला. ज्या यीस्टवर त्यांनी आयुष्य उभे केले, ते भेसळीचे आहे हे मान्य करणे सोपे नव्हते. तरीही प्रयोगाला परवानगी मिळाली. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी एका पेशीपासून वाढविलेले यीस्ट कारखान्यात प्रथम वापरण्यात आले. बिअर चांगली निघाली, विरोध मावळला आणि प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे पद्धत प्रसिद्ध झाली. मागणाऱ्या इतर कारखान्यांनाही यीस्ट देण्यात आले. यानंतर हॅन्सन यांनी कारखान्याचे व्यवस्थापक कॅप्टन क्यूले यांच्यासह यीस्ट वाढविण्याचे बंद यंत्र तयार केले. त्यात अर्क वाफेने निर्जंतुक होई, हवा कापसातून गाळून आत येई आणि प्रत्येक वेळी थोडे यीस्ट पुढच्या खेपेसाठी मागे ठेवले जाई.

हौशी माणसाच्या वीस लिटरच्या भांड्याची सारी साधने आणि शिस्त या यंत्राचीच छोटी आवृत्ती आहे. माल्टचा गोड अर्क हॉप्ससह तासभर उकळला की तो जंतुरहित होतो. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. म्हणून तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून थंड पाणी खेळवून तो अर्ध्या तासाच्या आत गार करायचा. उकळीनंतर अर्काला लागणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे झाकण, नळी, चमचा, तापमापक, आधी घासून मग निर्जंतुक करायची. हा क्रम उलटून चालत नाही, कारण मळाच्या थराखाली औषध पोहोचत नाही. ओरखडे पडलेले प्लास्टिकचे भांडे सरळ टाकून द्यावे, त्या खाचांत रानटी यीस्ट तळ ठोकते. झाकणावरील पाण्याची चिमणी वायू बाहेर सोडते, पण धूळ आत येऊ देत नाही. हॅन्सन यांच्या कापसाचे काम तीच करते. द्रव यीस्ट वापरायचे असेल तर आधी लिटरभर पातळ अर्कात ते वाढवून घ्यावे, कारण कमी यीस्ट पडले की रानटी पाहुण्यांना पाय रोवायला वेळ मिळतो. लागर यीस्टला सुमारे १० अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. तो देता येत नसेल तर १८ ते २० अंशांवर चालणारे एल यीस्ट निवडणे शहाणपणाचे. घनतामापकाचे वाचन सलग दोन-तीन दिवस तेच येईपर्यंत बाटल्या भरू नयेत. अन्यथा त्या फुटतात.

हॅन्सन यांचा विजय सर्वत्र सारखा नव्हता. जर्मनीसह लागर बनविणाऱ्या देशांनी पद्धत झपाट्याने उचलली. इंग्लंडचे कारखानदार मात्र कुरकुरत राहिले. एकाच शुद्ध वाणाने आपल्या मुरवलेल्या बिअरची खास चव येत नाही, ही त्यांची तक्रार. तिच्यात तथ्य होते. १९०४ मध्ये क्लाउसेन यांनी इंग्रजी बिअरमधील ती चव ब्रेटॅनोमायसिस या वेगळ्या यीस्टची असल्याचे दाखविले. विशेष म्हणजे क्लाउसेनही कार्ल्सबर्गचेच. रानटी म्हणून हाकललेल्यांपैकी एकाला असे मागच्या दाराने पुन्हा घरात घेण्यात आले.

आपल्या निवडलेल्या यीस्टला हॅन्सन यांनी १९०८ मध्ये सॅकरोमायसिस कार्ल्सबर्गेन्सिस हे नाव दिले. पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्ट १९०९ रोजी, हॉर्नबेक येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्याच प्रयोगशाळेच्या रसायन विभागात सोरेनसेन यांनी पीएच मोजपट्टी मांडली. हॅन्सन यांनी दिलेले नाव मात्र आता शास्त्रात राहिलेले नाही. लागरचे यीस्ट दोन जातींच्या संकरातून आले असून त्यांपैकी एक थंडी सोसणारी रानटी जात आहे, हे कळले. त्या जातीचा माग २०११ मध्ये अर्जेंटिनातील पॅटागोनियाच्या जंगलातील बीच वृक्षांवर लागला. आता या यीस्टला पाश्चर यांच्या नावावरून पडलेले सॅकरोमायसिस पास्टोरिअॅनस हे जुने नाव वापरतात.