चार्ल्स गुडइअर : दातांच्या तारांमधल्या रबरामागचा माणूस



आपल्या वर्गात दातांना तारा लावलेली दोन-चार मुलं असतातच. त्या तारांवर लाल-निळे छोटे रबर दिसतात. कुणाच्या वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत बारीक रबर बँड ताणलेला असतो. हे रबर तोंडाच्या ओल्या, गरम जागेत दिवसभर ताणलेलं राहतं आणि तरीही विरघळत नाही. हे कुणामुळे शक्य झालं, ते आज पाहू.

जन्म आणि सुरुवात

चार्ल्स गुडइअर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन येथे झाला. वडील अमासा लोखंडी सामान बनवत. १८२४ मध्ये चार्ल्सचं क्लॅरिसा बीचर हिच्याशी लग्न झालं. पुढे त्यांनी फिलाडेल्फियात अवजारांचं दुकान काढलं. पण १८३० मध्ये धंदा बुडाला. कर्जापायी तुरुंगाची वारी घडली, आणि ती शेवटची ठरली नाही.

रबराचं वेड

त्या काळी ब्राझीलमधून येणाऱ्या रबराची अमेरिकेत हवा होती. पण हे रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वास मारायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. १८३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रबर कंपनीच्या दुकानात ही अडचण चार्ल्सच्या कानावर आली आणि त्यांनी ती सोडवायचीच असं ठरवलं. रसायनशास्त्र ते शिकले नव्हते. प्रयोगशाळा म्हणजे क्लॅरिसाचं स्वयंपाकघर आणि यंत्र म्हणजे तिचं लाटणं! रबरात मॅग्नेशिया घाल, चुना घाल, आम्ल लावून पाहा, असं सुरू झालं. तुरुंगातही त्यांचे प्रयोग चालूच होते.

मग सरकारकडून टपालाच्या १५० पिशव्यांचं काम मिळालं. पिशव्या दिसायला सुंदर झाल्या, पण उन्हाळ्याच्या उष्णतेत त्या ओघळू लागल्या. पुन्हा शून्य. घरातल्या वस्तू विकल्या गेल्या. इतकंच काय, मुलांची शाळेची पुस्तकंही विकली, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. अनेक मुलं लहानपणीच गेली. म्हणूनच ही गोष्ट वर्गात सांगताना क्लॅरिसाचं नाव वगळू नका. या शोधाची किंमत तिनेही मोजली आहे.

शेगडीजवळचा क्षण

नॅथॅनियल हेवर्ड रबरात गंधक मिसळत असत. चार्ल्सने ती कल्पना विकत घेतली. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे गंधक मिसळलेला रबराचा तुकडा चुकून गरम शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता. पण तो चामड्यासारखा करपला आणि कडेला मात्र लवचीक राहिला. हा योगायोग खरा, पण पाच वर्षं रबराशी झुंजलेल्या माणसालाच त्याचा अर्थ कळला. उष्णता किती आणि किती वेळ द्यायची, हे ठरवायला पुढची काही वर्षं गेली. १५ जून १८४४ रोजी पेटंट मिळालं.

मुलांना असं समजावा : रबराचे रेणू शेवयांसारखे लांब आणि मोकळे असतात. गंधक त्यांच्यात जागोजागी पूल बांधतं. त्यामुळे ताणलं तरी रबर मूळ आकारात परत येतं. याला व्हल्कनायझेशन म्हणतात.

यश, पण पैसा नाही

इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी आधीच पेटंट घेतलं. अमेरिकेत खटल्यांत पैसा गेला. १८५२ चा मोठा खटला डॅनियल वेबस्टर यांनी जिंकून दिला, पण कर्ज फिटलं नाही. १८५५ मध्ये पॅरिसमध्ये चार्ल्स कर्जापायी तुरुंगात असतानाच त्यांना फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला. १ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा सुमारे दोन लाख डॉलर कर्ज शिल्लक होतं. गुडइअर टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली. तिने फक्त त्यांचं नाव घेतलं, घराण्याशी तिचा संबंध नाही.

दातांपर्यंतचा प्रवास

भाऊ नेल्सन यांनी याच पद्धतीने कडक रबर बनवलं, आणि त्यातून स्वस्त कवळ्या तयार होऊ लागल्या. लवचीक रबर दात सरकवायला वापरलं जाऊ लागलं. आज ताराभोवतीच्या रबराच्या साखळ्या बहुधा पॉलियुरेथेनच्या असतात. बँड अजूनही बऱ्याचदा नैसर्गिक रबराचेच असतात.

पालकहो, इथे एक उपयोगी गोष्ट. ताणलेल्या साखळीचा जोर पहिल्या २४ तासांतच खूप कमी होतो. तोंडातली उष्णता, लाळ आणि अन्न यांमुळे तो आणखी उतरतो. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशमुळेही ही घट वाढते, असं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलं आहे. म्हणून मुलाला माउथवॉश देण्याआधी दातांच्या डॉक्टरांना विचारा, शक्यतो बिनअल्कोहोलचा घ्या आणि सांगितल्याप्रमाणे बँड बदला. माउथवॉशने चूळ भरली म्हणून ब्रश करणं टाळायचं नाही, हेही मुलांना सांगा.

वर्गासाठी कृती

दोन सारखे रबर बँड घ्या. एक पट्टीवर ताणून दिवसभर ठेवा, दुसरा मोकळा ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हींची लांबी मोजा आणि फरक मुलांनाच वहीत लिहू द्या. मग चार्ल्सची गोष्ट सांगा. आधी हाताने पाहिलेलं असलं की पाच वर्षांची ती झुंज मुलांना जास्त कळते.