श्रीसमर्थ रामदास स्वामी : जांबेचा नारायण आणि प्रचीतीचा मार्ग

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेस जांब हे गाव आहे. समर्थांच्या जन्मामुळे ते आज जांब समर्थ या नावाने ओळखले जाते. शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ च्या चैत्र शुद्ध नवमीस, रामजन्माच्या मुहूर्तावर येथील सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. घराण्यात कुलकर्णीपणाचे वतन होते, सूर्योपासना होती आणि रामभक्ती होती. वडीलबंधू गंगाधरपंत हेही पुढे अधिकारी पुरुष म्हणून मान्यता पावले. संप्रदायात त्यांना श्रेष्ठ असे संबोधतात. अशा घरी जन्मलेल्या मुलास श्रद्धा शोधावी लागत नाही, ती पाळण्यातच मिळते. नारायणाचे वेगळेपण असे की, मिळालेल्या श्रद्धेवर त्याचे समाधान झाले नाही.

नारायण सात वर्षांचा असताना सूर्याजीपंतांचे देहावसान झाले. वडीलबंधू लोकांस मंत्रोपदेश देत. आपणासही तो मिळावा असा हट्ट धाकट्याने धरला, तेव्हा वय लहान आहे, थोडे थांबावे, असे त्याला सांगण्यात आले. मुलगा रुसून मारुतीच्या देवळात जाऊन बसला. तेथे त्याला प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांचे दर्शन घडले, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. ज्या भाविकास हा प्रसंग अक्षरशः स्वीकारणे कठीण वाटेल, त्यानेही एवढे ध्यानी घ्यावे की, उत्तरासाठी थांबायला सांगितल्यावर हा बालक थांबला नाही.

वयाच्या बाराव्या वर्षी त्याचे लग्न ठरले. मंगलाष्टके सुरू झाली, सावधान हा शब्द कानी पडला आणि नारायण बोहल्यावरून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. प्रत्येक लग्नात उच्चारल्या जाणाऱ्या आणि म्हणूनच कोणी ऐकत नसलेल्या त्या शब्दाचा त्याने अर्थ ऐकला. अंतरपाटापलीकडे उभ्या असलेल्या मुलीविषयी मात्र चरित्रकार फारसे बोलत नाहीत. एकाच्या वैराग्याची झळ दुसऱ्यासही लागते, हे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

जांबेहून नारायण नाशिक पंचवटीस गेला. तेथून जवळच टाकळी येथे नंदिनी व गोदावरीच्या संगमावर त्याने बारा वर्षे तप केले. पहाटे नदीच्या पाण्यात उभे राहून जप, दुपारी माधुकरी, नंतर ग्रंथांचे वाचन व लेखन, असा क्रम सांगितला जातो. या काळात त्याने वाल्मीकि रामायण स्वहस्ते उतरून काढले, हे आवर्जून नोंदविले पाहिजे. श्लोकामागून श्लोक हाताने लिहिणारा मनुष्य ग्रंथाला केवळ नमस्कार करीत नाही, तो त्याच्या प्रत्येक अक्षराशी थांबतो. नारायणाचा रामदास झाला तो येथे.

इसवी सन १६३२ च्या सुमारास ते भारतभ्रमणास निघाले. दख्खनमध्ये १६३० ते १६३२ या काळात भीषण दुष्काळ पडला होता. गावे ओस पडली होती आणि उपाशी माणूस वाटेल त्याच्या पायावर डोके ठेवण्यास तयार होता. बारा वर्षांच्या भ्रमंतीत समर्थांनी तीर्थे पाहिली, तशी तीर्थांवरील बाजारही पाहिला. चमत्कार दाखवून शिष्य जमविणारे, मंत्र विकणारे आणि पाठांतरावर पंडित म्हणून मिरविणारे त्यांना भेटले असले पाहिजेत. दासबोधात या मंडळींचे जे वर्णन येते, ते डोळ्यांनी पाहिल्याखेरीज लिहिता येणारे नव्हे.

वीस दशक व दोनशे समासांच्या या ग्रंथात जादू आणि चेटक करणाऱ्यास सद्गुरू मानण्यास समर्थांनी स्वच्छ नकार दिला आहे. मूर्खांची लक्षणे सांगून ते थांबत नाहीत, विद्वान असून मूर्ख असणाऱ्याची लक्षणेही वेगळ्या समासात सांगतात. दहाव्या दशकात तर प्रचीती या एकाच विषयावर समास आहे. रत्ने आणि नाणी पारखून घेतली नाहीत तर नुकसान होते, घोडा व शस्त्र वापरून पाहावे, औषधाने कोणाला गुण आला ते पाहून मग घ्यावे, बी उगवेल की नाही हे पाहूनच पैसा मोजावा, असे व्यवहारातील दाखले ते देतात आणि अनुभवास न उतरणाऱ्या निरूपणास बसूच नये, इथपर्यंत जातात. आपला जालना जिल्हा बियाण्यांच्या व्यवसायासाठी देशात प्रसिद्ध आहे. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवले ते मोजणाऱ्या येथील शेतकऱ्यास हा समास कोणी समजावून सांगावा लागणार नाही. पेरणीला जी दक्षता, ती परमार्थाला का नको, एवढेच समर्थांचे विचारणे आहे.

असे असूनही ते मूर्तिभंजक नव्हते. धातूपाषाणाच्या मूर्तीपलीकडचा देव ओळखावा असे सांगणाऱ्या याच पुरुषाने कृष्णाखोऱ्यात अकरा मारुती स्थापिले आणि १६४८ साली चाफळ येथे राममंदिर उभारले. त्यांच्या दृष्टीने मूर्ती हा आरंभ होता, मुक्काम नव्हे. बालविधवा वेणाबाईंना त्यांनी उभे राहून कीर्तन करण्याचा अधिकार दिला व मिरजेचा मठ सोपविला. विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानणाऱ्या काळात हे साधे पाऊल नव्हते.

मात्र सर्वच गोष्टी त्यांनी या कसोटीवर घासल्या असे म्हणता येणार नाही. ब्राह्मण हाच सर्वांचा गुरू, हे वर्णव्यवस्थेतील गृहीत दासबोधात जसेच्या तसे येते. आजच्या वाचकास त्या ओव्यांपाशी अडखळल्यासारखे होते, आणि तसे होणे योग्यच आहे. रत्ने पारखून घेण्यास शिकविणाऱ्याचे प्रत्येक वचन न पारखता घ्यावे, असे त्यांच्याच शिकवणीस धरून होणार नाही.

छत्रपती शिवाजी महाराज व समर्थ यांच्या भेटीविषयी संस्थानच्या कार्यालयात भाविक नेहमी विचारणा करतात. याबाबत दोन मते आहेत. सांप्रदायिक परंपरेनुसार ही भेट व अनुग्रह १६४९ साली झाला. या मताचा प्रमुख आधार असलेली हनुमंतस्वामींची बखर समर्थांच्या निर्वाणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. उलट शिष्यांमधील एका पत्राच्या आधारे पहिली भेट १६७२ साली झाली असे अनेक अभ्यासक मानतात, म्हणजे तोपर्यंत स्वराज्य उभे राहिले होते. चाफळच्या देवस्थानास दिलेल्या १६७८ च्या सनदेच्या अस्सलपणाविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. २०२२ साली हा वाद महाराष्ट्रात पुन्हा पेटला. महाराजांचे कर्तृत्व समर्थांच्या अनुग्रहावर अवलंबून नव्हते आणि समर्थांचा ग्रंथ महाराजांच्या शिष्यत्वावर अवलंबून नाही, असे आमचे नम्र मत आहे. हा प्रश्न कागदपत्रांनी सुटावा, आवाज चढवून सुटू नये.

त्या दृष्टीने धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांचे स्मरण करणे अगत्याचे आहे. समर्थांवर निस्सीम भक्ती असलेल्या या गृहस्थांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि मठामठांतून बाडे गोळा केली. डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हस्ताक्षरातील दासबोध त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छापून प्रसिद्ध केला. छापील प्रतींतील भर आणि पाठभेद त्यामुळे ताडून पाहता येऊ लागले. भक्ती असल्यामुळेच मूळ अक्षर कोणते, हे पाहण्याचे कष्ट त्यांना घ्यावेसे वाटले.

चोवीस वर्षांनी समर्थ एकदा जांबेस परतले होते. पुत्राच्या वियोगाने राणूबाईंची दृष्टी गेली होती आणि समर्थांच्या हस्तस्पर्शाने ती परत आली, असे परंपरा सांगते. या प्रसंगाची परीक्षा करण्याचे साधन आज कोणापाशी नाही. आईने चोवीस वर्षे वाट पाहिली, हे मात्र कोणत्याही चमत्काराशिवाय खरे वाटते. काही दिवस घरी राहून समर्थ पुन्हा कृष्णातीरी गेले. अखेरची वर्षे सज्जनगडावर काढून शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस त्यांनी देह ठेवला. ती तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते. जांब येथे मात्र रामनवमीस गर्दी होते. त्या दिवशी एकाच वेळी रामजन्म आणि समर्थजन्म असे दोन्ही साजरे होतात.