सर्व दिशा सारख्या मानणारे गणिती : रँग्लर नारळीकर

बारामती-इंदापूरच्या फडातला ऊस उभा फोडला, तर सहज फुटतो. आडवा तोडायला मात्र कोयत्याचा घाव लागतो. लाकडाचेही तसेच. काचेला मात्र उभे-आडवे नसते. तिचे गुणधर्म सर्व दिशांना सारखेच. पदार्थविज्ञानात या गुणाला समदिकता म्हणतात. खगोलशास्त्र हीच कल्पना ताऱ्यांना आणि संपूर्ण विश्वालाही लावते. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादाची दहा किचकट समीकरणे सर्व दिशा सारख्या मानल्या, की आवाक्यात येतात. या गणिताचा अभ्यास भारतात रुजविणाऱ्यांत अग्रणी होते रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर.

त्यांचा जन्म १९०८ मध्ये कोल्हापूर येथे झाला. मुंबईत पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि तेथे रँग्लर झाले. परदेशातच संशोधनाची संधी समोर असताना पंडित मदनमोहन मालवीय यांच्या आग्रहावरून १९३२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाची धुरा स्वीकारली. संशोधनाच्या मुख्य केंद्रांपासून दूर राहण्याची किंमत त्यांनी जाणीवपूर्वक मोजली. मात्र त्यांच्याभोवती सापेक्षतावादाच्या अभ्यासकांची एक पिढी तयार झाली.

१९४२ मध्ये गुजरातेतील गणिताचे एक तरुण शिक्षक, प्रल्हाद चुनीलाल वैद्य, साठविलेल्या पैशांच्या बळावर बनारसला त्यांच्याकडे आले. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्तरात ताऱ्याच्या प्रकाशाचा विचार नव्हता. खरा तारा तर अखंड प्रकाश फेकतो, आणि त्या प्रकाशालाही गुरुत्वाकर्षण असते. सर्व दिशांना सारखाच प्रकाश देणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे उत्तर वैद्यांनी नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना शोधले आणि १९४३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचे महत्त्व जगाला पटायला साठचे दशक उजाडावे लागले. आज ते ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखले जाते.

नारळीकरांनी १९६० मध्ये बनारस सोडले. राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषवून ते पुणे विद्यापीठात प्राध्यापक झाले. दरम्यान १९६५ मध्ये विश्वातील पार्श्वभूमी प्रारणाचा शोध लागला. आकाशाच्या सर्व दिशांनी ते जवळजवळ सारखेच येते. गणिताच्या सोयीसाठी गृहीत धरलेल्या समदिकतेला त्यामुळे निरीक्षणाचा आधार मिळाला. १९९१ मध्ये पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर यांनी विश्वरचनाशास्त्राचा तोच वारसा पुढे चालविला.