गल्लीबोळांचा कैवारी

शहर सुधारायचे तर जुनी वस्ती पाडून रस्ते रुंद करावेत, हा समज पॅट्रिक गेडिस यांनी शतकापूर्वीच खोडून काढला. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. शहराकडेही त्यांनी सजीव म्हणूनच पाहिले. एडिंबरोच्या मोडकळीस आलेल्या जुन्या वस्तीत पत्नी ॲना यांच्यासह बिऱ्हाड थाटून त्यांनी घरे दुरुस्त केली, अंगणे मोकळी केली. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि अनेक शहरांचे बोळ पायी हिंडले. घरे पाडली, की तीच गरीब माणसे शेजारच्या वस्तीत अधिक दाटीने राहतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा उपाय साधा होता : मोजकी पडकी घरे काढावीत, हवा-उजेडाला आणि चालणाऱ्याला वाट द्यावी. होळकरांच्या इंदूरसाठी १९१८ मध्ये त्यांनी सविस्तर अहवाल लिहिला. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र शिकवू लागले. तेल अवीवच्या १९२५ च्या आराखड्यात त्यांनी वाहनांचे रस्ते आणि घरांलगतच्या शांत, अरुंद वाटा वेगळ्या ठेवल्या. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. रस्ता रुंद करताना हटवलेली माणसे जाणार कुठे, हा त्यांचा प्रश्न मात्र आजही नियोजनकारांपुढे उभा आहे.