कोलोबेंगचा पाट

आजचे वाचन : १ करिंथ ३:५-९



आजच्या उताऱ्यात पौल करिंथच्या मंडळीला थेट शेतावर घेऊन जातो. रोप लावणारा कोण, पाणी देणारा कोण, यावरून तिथे तट पडले होते. पौल दोघांनाही मजूर म्हणतो आणि वाढीचा सगळा मान देवाकडे सोपवतो. हा उतारा वाचला की मला एक माणूस आठवतो. त्याने सुवार्तेचं पाणी दिलंच, पण हातात कुदळ घेऊन खराखुरा पाटही खणला. तो म्हणजे डेव्हिड लिव्हिंग्स्टन.

नाव सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात व्हिक्टोरिया धबधब्याजवळ भेटतो तो. आपल्या नाशिककर मंडळींना आणखी एक गोष्ट माहीत असेल. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला तरुण नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला होता. पण ते सगळं फार पुढचं. मला आज लिहायचंय ते त्याच्या पहिल्या अकरा वर्षांबद्दल, जेव्हा तो ना प्रसिद्ध होता ना संशोधक. वर्षाला शंभर पौंड पगारावरचा एक साधा तरुण मिशनरी होता.

जन्म १८१३ चा, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावचा. दहाव्या वर्षी सूतगिरणीत कामाला लागला, सकाळी सहा ते रात्री आठ. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्याने लॅटिनचं व्याकरण विकत घेतलं आणि पुस्तक यंत्रावर उघडं ठेवून तो येता-जाता एकेक वाक्य वाचायचा. पुढे ग्लासगोत वैद्यकी शिकला. जायचं होतं चीनला, पण अफूचं युद्ध सुरू झालं आणि तो रस्ता बंद झाला. मग रॉबर्ट मॉफट हे ज्येष्ठ मिशनरी भेटले, आणि लंडन मिशनरी सोसायटीने त्याला दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. किनाऱ्यापासून बैलांच्या गाडीतून महिनोन्महिने प्रवास करत ३१ जुलै १८४१ ला तो मॉफट यांच्या कुरुमान ठाण्यावर पोहोचला. वय अठ्ठावीस.

कुरुमानला बारमाही झरा होता, बागा होत्या, प्रार्थनामंदिर होतं, छापखानासुद्धा होता. बरं चाललं असतं त्याचं तिथे. पण तो उत्तरेला बाक्वेना लोकांमध्ये लेपेलोले इथे जाऊन राहिला. जवळजवळ सहा महिने त्याने युरोपियन माणसांशी संबंधच ठेवला नाही. कारण एकच, सेत्स्वाना भाषा नीट यावी. दिवसभर तीच ऐकायची, तीच बोलायची, चुकायचं, लोकांनी हसायचं. आपण एखादी नवी कॉम्प्युटर लँग्वेज शिकताना ट्युटोरियल बघत बसतो. खरी येते ती प्रोजेक्टवर टाकल्यावरच. हा गडी स्वतःहूनच प्रोजेक्टवर जाऊन बसला.

भाषेबरोबर चालीरीती कळत गेल्या. तिथे प्रत्येक जमातीचा एक प्राणी असतो. बाक्वेना म्हणजे मगरीचे लोक, बाक्खात्ला म्हणजे माकडाचे, बात्लापिंग म्हणजे माशाचे. आपला प्राणी खायचा नाही, मारायचा नाही. परक्या माणसाची जमात विचारायची तर तो कशाचा नाच नाचतो असं विचारायचे. गावाच्या मध्यभागी राजाचं खोट्ला, म्हणजे आपल्या गावच्या चावडीसारखी जागा. न्यायनिवाडा तिथेच आणि उपदेशही तिथेच. मुलगे दहा ते पंधरा वर्षांचे झाले की त्यांची एक तुकडी बनायची, तिचा पुढारी राजाचा मुलगा. त्यांच्या दीक्षेचा एक प्रसंग लिव्हिंग्स्टनने पाहिला. पोरं हातात चपला धरून रांगेत उभी आणि समोर लांब लवचिक काठ्या घेतलेले पुरुष. राजाचं रक्षण नीट करशील का, गुरं नीट राखशील का, असा एकेक प्रश्न आणि त्याबरोबर पाठीवर एक फटका. त्याने हे सगळं बारकाईने लिहून ठेवलंय. नापसंती होती, पण टिंगल नाही. त्या काळच्या बऱ्याच गोऱ्या प्रवाशांच्या लिखाणापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो.

सिंहाची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये ऐकली असेलच, म्हणून थोडक्यात. १८४४, गाव माबोत्सा. सिंह गुरं मारत होते आणि लोकांना वाटत होतं कोणीतरी करणी केलीये. लिव्हिंग्स्टन बंदूक घेऊन त्यांच्याबरोबर गेला. सिंहाने त्याला धरून झटकलं आणि डाव्या दंडाचं हाड चावून मोडलं. मेबाल्वे या आफ्रिकन ख्रिस्ती शिक्षकाने मध्ये पडून तो वाचवला आणि स्वतः चावे घेतले. चित्रांत सिंह आणि लिव्हिंग्स्टन असतात. मेबाल्वे बहुधा कोपऱ्यात असतो!

जानेवारी १८४५ मध्ये मॉफट यांची मुलगी मेरी हिच्याशी त्याचं लग्न झालं. मेरी आफ्रिकेतच जन्मलेली, सेत्स्वाना तिला लहानपणापासून येत होती. पुढच्या वर्षी रॉबर्ट झाला आणि त्या दिवसापासून गावाने तिला मेरी म्हणणं सोडून दिलं. ती झाली मा-रॉबर्ट, रॉबर्टची आई. तिथली रीतच तशी, पहिल्या मुलाच्या नावाने आईवडिलांची ओळख. मला वाटतं, त्या नावाने ते कुटुंब गावचं झालं.

आता सेचेले. बाक्वेनांचा हा राजा वयाने लिव्हिंग्स्टनच्याच बरोबरीचा. लहानपणीच त्याच्या बापाचा खून झाला होता आणि राज्य त्याला मोठ्या कष्टाने परत मिळालं होतं. लिव्हिंग्स्टन त्याच्या चोन्वाने गावी राहायला आला, तेव्हा पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी मुळाक्षरं शिकून घेतली. मग वाचनाचा असा नाद लागला की शिकार सुटली आणि सडपातळ राजा चांगला जाडजूड झाला. यशया त्याचा सगळ्यात आवडता. आपल्या लोकांनीही विश्वास ठेवावा अशी त्याची फार इच्छा. त्यावर त्याने उपायही सुचवला : गेंड्याच्या कातड्याचे चाबूक आणतो, सगळ्यांना फटके देतो, लगेच विश्वास ठेवतील. लिव्हिंग्स्टनला त्याला समजावून सांगावं लागलं की हे काम असं होत नाही.

चोन्वानेला पाऊस नव्हता. लिव्हिंग्स्टन म्हणाला, न आटणारी नदी बघा, पाट काढा, शेतांना पाणी द्या. झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव बिऱ्हाड उचलून निघालं! सुमारे चाळीस मैलांवर कोलोबेंग नदीकाठी १८४७ मध्ये नवं गाव बसलं. बाक्वेनांनी पाट आणि बंधारा बांधला, त्याबदल्यात त्याने राजाचं चौकोनी घर बांधायला मदत केली. तिथल्या घरांना कोपरे नसायचे, सगळं गोल. सरळ भिंतीची एकेक वीट त्याला स्वतः नीट लावावी लागायची. कोलोबेंगचं स्वतःचं घर हे त्याने हाताने बांधलेलं तिसरं.

तिथला दिवस असा. सहा-सातच्या दरम्यान प्रार्थना आणि न्याहारी. मग शाळा, बायका-पुरुष-पोरं सगळ्यांची एकत्र, अकरापर्यंत. नंतर तो लोहारकाम, सुतारकाम नाहीतर बागकाम करायचा आणि मेरी घरकाम. जेवण, तासभर विश्रांती, मग मेरीची छोट्यांची शाळा, कधी शिवणवर्ग. सूर्य मावळला की तो गावात जाऊन जो बोलेल त्याच्याशी बोलत बसायचा. आठवड्यातून तीन रात्री, गाईंच्या धारा काढून झाल्या आणि अंधार पडला की उपासना. लोणी, मेणबत्त्या, साबण सगळं घरीच, साबणाला लागणारी राखसुद्धा रानातल्या झुडपांची. टोळधाड आली तर टोळ भाजून खायचे. पावसानंतर एक मोठा बेडूक निघतो, तो शिजवला की कोंबडीसारखा दिसतो असं तो लिहितो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जेवणावर आपण किती उपदेश ऐकलेत. याच्या ताटात ते होतं.

पहिल्या वर्षी पाटाने कमाल केली. दुसऱ्या वर्षी पाऊस नाही. तिसऱ्या वर्षी नाही. दोन वर्षांत मिळून दहा इंचही पडला नाही. कोलोबेंग नदी आटली. इतके मासे मेले की आसपासच्या तरसांना ते खाऊन संपेनात, आणि चिखलात एक म्हातारी मगर मरून पडली. भर दुपारी मातीत तीन इंच खोल थर्मामीटर पुरला तर पारा ५५ अंश सेल्सिअसच्या वर. बाहेर ठेवलेल्या सुया महिनोन्महिने गंजल्या नाहीत. ढग यायचे, गडगडायचे आणि दहा मैलांवर जाऊन पडायचे. सेत्स्वानात पावसाला पुला म्हणतात. आशीर्वादाचा शब्दही तोच आणि आजच्या बोट्स्वानाच्या चलनाचं नावही तेच. म्हणजे बघा, त्या लोकांचं काय हिरावलं गेलं होतं.

आणि खरी गोम अशी की सेचेले स्वतः नावाजलेला पाऊसवैद्य होता. पुस्तक हातात घेतल्यापासून त्याने पाऊस पाडणं बंद केलं. लोकांनी दोन आणि दोन चार केले : या गोऱ्याने राजाला मंत्राने बांधलंय, ज्या गावात प्रार्थना नाही तिथे पाऊस पडतोय. जाणती माणसं लिव्हिंग्स्टनकडे आली. आमचा तुझ्यावर जीव आहे, तू आमच्यातच जन्मल्यासारखा आहेस, फक्त तेवढं उपदेश आणि प्रार्थना करणं सोड, अशी त्यांची अजिजीची विनंती.

एका पाऊसवैद्याशी झालेला वाद त्याने लिहून ठेवलाय, तो इंजिनिअर माणसाने वाचावाच. वैद्याचं म्हणणं असं की तू औषध देतोस, रोगी कधी बरा होतो, कधी मरतो, म्हणून तू औषध सोडतोस का? मीही औषध देतो, पाऊस कधी येतो, कधी नाही, आणि देणारा देवच. लिव्हिंग्स्टनने समोरच्याचे मुद्दे लंगडे करून मांडले नाहीत आणि आपण त्यांना पटवू शकलो नाही हेही कबूल केलं. त्या दुष्काळातही लोक त्याच्याशी चांगलेच वागले. बायकांनी दागिने विकून दुसऱ्या जमातींकडून धान्य आणलं, पोरं रानात कंद खणायची, पुरुष खड्ड्यांचे सापळे लावून शिकार करायचे.

१ ऑक्टोबर १८४८ ला सेचेलेचा बाप्तिस्मा झाला. त्याला पाच बायका होत्या. एकीला ठेवून बाकीच्यांना त्याने नवे कपडे आणि त्यांच्या झोपडीतलं सगळं सामान देऊन माहेरी पाठवलं. यांचा काही दोष नाही, मला देवाच्या वचनाप्रमाणे चालायचंय, असा निरोपही दिला. या बायकांचे बाप म्हणजे पडत्या काळात सेचेलेच्या पाठीशी उभे राहिलेले सरदार. शाळेतल्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनींमध्ये त्या होत्या, लिव्हिंग्स्टनलाही वाईट वाटलं. बाप्तिस्म्याच्या वेळी म्हातारी माणसं रडली. त्यांच्या नातलगांनी शाळा आणि उपासना सोडली.

इथे मी नेहमी अडखळतो. एक पुरुष पाण्यात उतरला आणि त्याची किंमत चार बायकांनी भरली. दुसरा मार्ग काय होता, हे आज पुण्यात एसीत बसून सांगणं सोपं आहे, म्हणून मी सांगणार नाही. पण त्या चौघींचं कोणी चरित्र लिहिलं नाही, एवढं खरं.

काही महिन्यांत उघड झालं की त्यांच्यातल्या एकीला सेचेलेपासून दिवस गेलेत. सेचेलेने लपवलं नाही. मला टाकू नका अशी विनवणी केली. लिव्हिंग्स्टनने त्याला प्रभुभोजनापासून दूर केलं. बहुतेक चरित्रकार सेचेलेला लिव्हिंग्स्टनने ख्रिस्ताकडे आणलेला एकमेव माणूस मानतात, आणि तोही असा मंडळीबाहेर. १ जून १८४९ ला लिव्हिंग्स्टन कालाहारी ओलांडून न्गामी सरोवराकडे निघाला. पुढच्या वर्षी कोलोबेंगलाच त्याची तान्ही मुलगी एलिझाबेथ गेली. १८५२ मध्ये त्याने बायकामुलांना इंग्लंडला पाठवलं आणि तो पूर्णपणे संशोधनाच्या वाटेला लागला. त्याच वर्षी बोअर लोकांनी सेचेलेवर हल्ला केला, शेकडोंच्या संख्येने बायकापोरं पळवली आणि कोलोबेंगचं रिकामं घर लुटून पुस्तकांची पानं फाडून फेकली.

लिव्हिंग्स्टनची तिथली नोंद इथे थांबते. सेचेलेची थांबत नाही. तो राणी व्हिक्टोरियाकडे दाद मागायला निघाला, केपटाउनपर्यंत पोहोचला आणि पैसे संपल्यामुळे परत फिरला. परत येऊन त्याने स्वतःच लोकांना वाचायला शिकवलं, स्वतः प्रार्थना घेतल्या, स्वतः उपदेश केला. जुन्या चालीही त्याने सगळ्या सोडल्या नाहीत, पाऊस पाडण्याचीसुद्धा. मिशनरी कोणी उरला नव्हता, म्हणून त्याने मागणी करून जर्मनीच्या हर्मान्सबुर्ग मिशनचे लोक आणवले. नंतर लंडन सोसायटीचेही परत आले. १८९२ मध्ये तो वारला, लिव्हिंग्स्टननंतर एकोणीस वर्षांनी. तोवर बाक्वेनांमध्ये सेत्स्वाना पवित्र शास्त्र वाचणारी दुसरी पिढी उभी राहिली होती.

उद्याचे वाचन : १ करिंथ ३:१०-१५